कॅसिनो असलेल्या हॉटेलात घरच्यांना घेऊन जाताना

एरंडवणे, पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा प्रभात रस्त्यावर आपली गाठ पडली तेव्हा तू घाईत होतास आणि मीही उभ्या उभ्या काहीतरी सांगून तुझी बोळवण केली, याची घरी आल्यावर मला रुखरुख लागली. आई-बाबा, आजी, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी यांना घेऊन दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला जायचे आणि त्यातल्या दोन रात्री मरिना बे सँड्समध्ये राहायचे, असा तुझा बेत आहे. तिथे कॅसिनो आहे म्हणून बाबा कुरकुरत आहेत, तर घरच्यांना न्यावे की नाही, असे तू विचारलेस. अवश्य न्यावे, असे माझे मत आहे. मात्र संध्याकाळ कुणी कुठे घालवायची हे निघण्यापूर्वी पुण्यातच सगळ्यांनी मिळून ठरवावे. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहितो आहे.

बाबांची कुरकुर मोडीत काढू नकोस. आपल्या राज्याने १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांसाठी कायदा केला खरा, पण तो कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३ साली रद्द करून टाकला. त्यामुळे पुण्यातल्या बहुतेकांना कॅसिनो म्हटले की पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटीच आठवतात. सिंगापूरनेही बरीच वर्षे नकारच दिला होता. २००५ साली पुष्कळ वादविवाद होऊन परवानगी देण्यात आली आणि २०१० साली अशी दोन मोठी संकुले सुरू झाली. पण परवानगी देताना तिथल्या सरकारने आपल्या माणसांची काळजी घेतली, हे बाबांना जरूर सांग. सिंगापूरचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल तर त्याला नुसते आत जाण्यासाठी चोवीस तासांचे १५० सिंगापूर डॉलर मोजावे लागतात, आणि एखाद्याला हा नाद लागला असेल तर त्याच्या पत्नीला, आईवडिलांना किंवा मुलांना अर्ज करून त्याच्यावर प्रवेशबंदी घालून घेता येते. तुझ्या-माझ्यासारख्या परदेशी माणसाला मात्र पासपोर्ट दाखवला की फुकट प्रवेश मिळतो. या फरकाचा तू शांतपणे विचार करावास.

दुसरा नियम वयाचा आहे. एकवीस वर्षांखालील कुणालाही आत सोडत नाहीत, म्हणजे तुझी मुलगी बाहेर राहणार आणि तिच्याबरोबर घरातले कुणीतरी मोठेही बाहेर राहणार. त्या अवाढव्य संकुलात पोहण्याचा तलाव, दुकाने, संग्रहालय, खाण्याच्या जागा अशा सगळीकडे तुम्हाला सहाही जणांना एकत्र जाता येईल. कॅसिनोच्या दारातून मात्र सगळ्या घराला मिळून जाता येणार नाही. तेव्हा 'मी जरा बघून येतो' असे कुणी म्हटले, की त्याच क्षणी कुटुंबाचे दोन भाग होतात.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. २०११ साली आम्ही तिघे परदेशात अशाच एका हॉटेलात उतरलो होतो. त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक माझी होती. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. मुक्कामाची शेवटची संध्याकाळ होती, जेवून तिघांनी कारंजी बघायला जायचे ठरले होते, आणि 'अर्ध्या तासात आलोच' असे सांगून मी आत गेलो. आत खिडकी नव्हती आणि घड्याळ माझ्या तरी नजरेस पडले नाही. बाहेर आलो तेव्हा पावणेतीन तास उलटून गेले होते. खिशात नेले होते त्याहून अधिक पैसे होते आणि ते सांगण्याच्या उत्साहात मी जवळजवळ धावतच आलो. दारापासून थोड्या अंतरावरच्या बाकावर, पत्नीच्या पर्सवर डोके ठेवून मुलगा झोपलेला होता. त्याच्या एका बुटाची नाडी सुटली होती. मुठीत खोलीचे कार्ड होते आणि ते सतत वाकवत राहिल्यामुळे त्याच्या मधोमध एक पांढरी रेघ उठली होती. मी येईन म्हणून ती दोघे खोलीतही गेली नव्हती. पत्नी एवढेच म्हणाली, "जेवण बंद झालंय आता. खोलीत चिवडा आहे, तो खाऊन घ्या." दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान होते. मी जिंकलो होतो म्हणूनच ती संध्याकाळ मला आजही बोचते. हरलो असतो तर पैशांच्या हळहळीत ती वाकलेली रेघ माझ्या लक्षातही आली नसती.

तू गणितात चांगला होतास, म्हणून तो हिशेबही सांगतो. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर सोडलेली गोळी कोणत्या आकड्याच्या घरात थांबेल यावर पैसे लावण्याचा खेळ. त्याच्या साध्या चाकावर शून्य धरून ३७ घरे असतात, आणि एका आकड्यावर लावलेला डाव लागला तर लावलेले पैसे परत मिळून वर त्यांच्या ३५ पट रक्कम मिळते. या फरकामुळे लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. चाकावर दोन शून्ये असली तर हाच वाटा ५ रुपये २६ पैशांवर जातो. मात्र हा वाटा प्रत्येक फेरीला लावलेल्या पैशांवर पडतो, खिशातून नेलेल्या रकमेवर नव्हे, आणि नेमके हेच लोकांच्या ध्यानात येत नाही. खिशात पाच हजारच असले, तरी तासाभरात चाळीस फेऱ्यांना पाचपाचशे लावले की वीस हजारांची उलाढाल होते आणि त्यातले सरासरी ५४० रुपये जातात. दुसऱ्या तासाला पुन्हा तेवढेच. कॅसिनोला तुला फसवण्याची गरजच पडत नाही, तू बसून राहिलास की पुरे. म्हणून जायचेच असेल तर पैशांच्या आधी वेळेची मर्यादा घाल, मोजकी रोकड घे, कार्डे खोलीतल्या तिजोरीत ठेव, आणि मुलगी झोपल्यावर, घरच्यांना सांगून जा. बाबांनाही एकदा विचार. कदाचित त्यांनाच आत डोकावून बघायचे असेल आणि तुझ्यासमोर बोलायला संकोच वाटत असेल.

अमेरिकेतल्या कॅसिनो असलेल्या अनेक जुन्या हॉटेलांत खोलीच्या लिफ्टकडे जाण्यासाठी कॅसिनोतूनच वाट काढावी लागते. मरिना बे सँड्समध्ये तसे नाही. खोल्या पंचावन्न मजली तीन मनोऱ्यांत आहेत, कॅसिनो वेगळ्या भागात आहे, त्यामुळे दोन दिवस राहूनही आजींना तिकडे फिरकावे लागणार नाही. मनोऱ्यांच्या माथ्यावरचा सुमारे दीडशे मीटर लांबीचा तलाव फक्त मुक्कामाला असलेल्यांसाठी असतो आणि त्या भाड्यात खरे मोल त्याचेच आहे, तेव्हा सकाळी लवकर मुलीला घेऊन तिथे जा. संध्याकाळसाठी हॉटेलमधूनच पादचारी पुलाने गार्डन्स बाय द बे गाठता येते. तिथे पन्नास मीटरपर्यंत उंचीच्या पोलादी झाडांवर पावणेआठला संगीताच्या तालावर दिव्यांचा खेळ होतो, आणि परतल्यावर हॉटेलसमोर पाण्यावरचा प्रकाशखेळ बघता येतो. दोन्हींना तिकीट नाही, आणि दोन्ही सहाजणांनी मिळून बघण्यासारखे आहेत.

आजींच्या जेवणाची चिंता करू नकोस. बेफ्रंट स्थानकातून गाडी न बदलता चौथे स्थानक लिटल इंडिया लागते, आणि तिथे सेरंगून रस्त्यावर १९४७ पासून चालू असलेले कोमला विलास हे दक्षिण भारतीय शाकाहारी उपाहारगृह आहे. हॉटेलात खाल्लेस तर दरापुढच्या दोन अधिकच्या चिन्हांकडे लक्ष दे: आधी १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के कर, म्हणजे १०० डॉलरचे जेवण ११९ डॉलर ९० सेंटना पडते. खोलीतल्या फ्रीजमधल्या वस्तू मुलीला हाताळू देऊ नकोस, काही हॉटेलांत वस्तू जागची हलली तरी बिलात चढते.

भारतीयांना सिंगापूरसाठी व्हिसा लागतो आणि पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. आजींचा पासपोर्ट आज रात्रीच काढून बघ. नूतनीकरण करायचे असेल तर दिवाळीच्या तोंडावर मुंढव्याच्या केंद्रात वेळ मिळणे अवघड होते, आणि त्यांना तिथे घेऊन जायला कुणी नसेल तर मला कळव, मी रिकामाच असतो.

तुझा,
काका