वेल्श लोकगीते : जुने किती, नवे किती?

प्रश्न : वेल्श भाषेतील लोकगीतांचे एक ध्वनिमुद्रण अलीकडे ऐकण्यात आले. त्यात हार्पच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम होते. आजच्या श्रोत्यांसाठी असा साज चढवलेल्या संगीताला पारंपरिक म्हणावे काय? मूळ रूप ऐकायचे असल्यास काय ऐकावे?

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘मूळ रूप’ हा शब्दच अडचणीचा आहे, कारण वेल्समध्ये या परंपरेचा धागा मध्यंतरी जवळजवळ तुटला होता. अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाची धर्मजागृतीची लाट देशभर पसरली, तेव्हा फिडल, नाच आणि जत्रांतील गाणी ही पापाची साधने मानली जाऊ लागली आणि लोकांचा गळा प्रार्थनामंदिरातील स्तोत्रांकडे वळला. (वेल्स म्हटले की अनेकांना जे पुरुषांचे भरदार समूहगान आठवते, ते या प्रार्थनामंदिरांच्या आणि खाणकामगारांच्या वस्त्यांत वाढलेले आहे, लोकगीतांचे घराणे त्याहून वेगळे.) वेल्श लोकगीत संस्था १९०६ साली स्थापन झाली आणि रूथ हर्बर्ट लुईस यांच्यासारख्या संग्राहकांनी मेणाच्या नळ्यांवर ध्वनी मुद्रित करणारा फोनोग्राफ घेऊन वृद्ध गायकांची दारे ठोठावली. आज जुनी म्हणून गायली जाणारी कित्येक गाणी अशा संग्रहांतूनच पुन्हा लोकांच्या ओठांवर आली आहेत.

वाद्यांची गोष्टही तशीच आहे. वेल्सचे राष्ट्रीय वाद्य म्हणून मिरवणारा तिहेरी हार्प मुळात सतराव्या शतकातील इटलीचा. त्यात तारांच्या तीन रांगा असतात. बाहेरच्या दोन रांगा एकाच स्वरांत लावलेल्या असल्याने दोन्ही हातांनी तोच स्वर पाठोपाठ छेडता येतो आणि त्यातून त्या वाद्याची खास झिलई निर्माण होते, तर कोमल-तीव्र स्वरांसाठी बोटे मधल्या रांगेपर्यंत आत घालावी लागतात. पायाने चालवायच्या पेडल-हार्पने हे वाद्य मागे सारले, तरी रोमा समाजातील वादक कुटुंबांनी आणि पुढे नॅन्सी रिचर्ड्स (१८८८–१९७९) यांनी ते जिवंत ठेवले. परका हार्प दोन-तीनशे वर्षांत घरचा होत असेल, तर गिटारला उंबऱ्यावरच अडवण्यात अर्थ नाही.

मग कसोटी कोणती? माझ्या मते ती वाद्यात नसून शब्द आणि स्वर यांच्या नात्यात आहे, आणि ते नाते ‘केर्द दान्त’ या प्रकारात सर्वांत स्वच्छ दिसते. या नावाचा शब्दशः अर्थ ‘तारांचे संगीत’ असा होतो. हार्पवादक एक परिचित धून वाजवू लागतो. गायक लगेच सुरुवात करीत नाही, काही मात्रा जाऊ देतो आणि मग वेगळ्याच चालीत कविता गाऊ लागतो. दोघे आपापल्या वाटेने जातात, परंतु शेवटी नेमके एकाच क्षणी समेवर यावे तसे थांबतात. गायकाची चाल कवितेच्या आघातांवरून बेतलेली असते. पूर्वी ती आयत्या वेळी सुचत असे, आता बहुधा आधी रचून घेतात. वेल्श शब्दात आघात सहसा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, आणि तो चुकीच्या जागी पडला की जाणकार श्रोत्याला दाताखाली खडा आल्यासारखे होते. ज्या नव्या साजात ड्रमचा ठेका हा आघात चिरडून टाकतो, तो मला परका वाटतो. जिथे तो सांभाळला जातो, तिथे गिटार असो वा सिंथेसायझर, माझी तक्रार नाही. ‘नाइनबाख’ या वाद्यवृंदाचे काम म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. त्यांच्या ‘तिंकियान’ या अल्बमला २०१५ साली बीबीसी रेडिओ २ च्या लोकसंगीत पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला.

साज न चढवलेले गाणे ऐकायचे असेल, तर मेरेदिद इव्हान्स यांचे फोकवेज कंपनीने १९५४ साली काढलेले ध्वनिमुद्रण शोधावे. नाताळच्या सुमारास मध्य वेल्समधील माँटगोमरीशर भागात होणारे ‘प्लगाइन’ गायनही असेच : साथ नाही, निवेदन नाही, एकेक छोटा गट उठतो, पुढे येऊन गातो आणि परत जाऊन बसतो.

प्रश्न : भाषा समजत नसताना या गाण्यांचा आनंद कसा घ्यावा? आणि इंग्रजी सर्वांना येत असूनही हे कलावंत वेल्शमध्येच का गातात?

उत्तर : दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समधील १७.८ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार जणांना, वेल्श बोलता येते. एवढ्या थोड्या लोकांच्या भाषेत गाणे ही अनेक गायकांच्या दृष्टीने ठरवून घेतलेली भूमिका असते, आणि ऑगस्टमध्ये एके वर्षी उत्तरेत तर दुसऱ्या वर्षी दक्षिणेत भरणाऱ्या राष्ट्रीय आइस्तेद्वोद महोत्सवात तर कार्यक्रमाची भाषा वेल्शच असावी असा नियम आहे. लोकगीतांच्या स्पर्धा आणि नव्या वाद्यवृंदांच्या मैफली तिथे एकाच मैदानावर होतात, त्यामुळे एकीकडचा श्रोता दुसरीकडे सहज डोकावतो.

आता ऐकण्याविषयी. सुरुवातीला ‘हेन बेनिलियोन’ म्हणजे ‘जुनी कडवी’ निवडावीत. कवी अज्ञात, बहुधा चारच ओळी, विषय प्रेम, समुद्र, म्हातारपण. त्यामुळे भाषांतर एकदा वाचले की पुरते. ‘लिसा लान’ हे गीतही चांगली सुरुवात ठरेल. त्यातील प्रियकर दिवंगत लिसाला विनवतो की तिने येऊन त्याला आपल्यासोबत न्यावे. हे गीत आधी साथीविना गायलेले ऐकावे, मग एखाद्या नव्या वाद्यवृंदाचे. गायक कोणत्या अक्षरावर थांबतो आणि तो थांबा नव्या साजात टिकला आहे की नाही, एवढेच लक्षात ठेवले तरी शब्द न कळताही बरेच काही कानात उतरेल.