समुपदेशनाच्या पदवीला पहिल्याच वर्षी समाजशास्त्र कशासाठी शिकायचे?

तुम्ही विचारले आहे की समुपदेशक व्हायचे असेल तर मानसशास्त्र शिकणे समजते, पण पहिल्याच वर्षी दर्जा, भूमिका, कुटुंबसंस्था, स्तरीकरण (समाजातली वरखाली उतरंड), विचलन (समाजाच्या रूढ नियमांपासून ढळणे) यांच्या व्याख्या कशासाठी पाठ करायच्या, आणि परीक्षेपुरते वाचून सोडून दिले तर काही बिघडेल का. मी सोलापुरात पदवीच्या वर्गांना समाजशास्त्र शिकवते आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण दरवर्षी समुपदेशनाकडे वळतात. माझ्या मते बिघडेल, आणि ते तुमचे नव्हे, तर तुमच्यासमोर मदत मागायला बसलेल्या माणसाचे बिघडेल.

एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. माझी एक विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी शहराच्या पूर्व भागातील एका समुपदेशन केंद्रात जात असे. तिच्याकडे विडी वळणारी, पस्तिशीतली एक बाई आली होती. झोप लागत नाही, छातीत धडधडते, अशी तक्रार होती आणि तपासणीत काही निघाले नव्हते. विद्यार्थिनीने नोंदवहीत लिहिले होते: 'आत्मविश्वास कमी. उत्तरे त्रोटक. दोनदा वेळ देऊनही आली नाही. समुपदेशनाला प्रतिरोध.' मी तिला एकच प्रश्न विचारला, की दिलेली वेळ कोणती होती. सकाळी अकराची होती. त्या वेळी ही बाई कुठे असते, हे मात्र कुणीच विचारले नव्हते. ती आदल्या दिवशी वळलेल्या विड्या कारखान्याच्या शाखेत जमा करायला गेलेली असे. विड्या मोजून द्यायच्या, त्यातल्या वाईट म्हणून बाजूला काढलेल्यांचे नुकसान सोसायचे, आणि पुढच्या दिवसाची पाने व तंबाखू घेऊन परत यायचे. ती वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी हाताला काम नाही, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने असल्यामुळे काम नाही म्हणजे पैसाही नाही. नोंदवहीत ज्याला 'प्रतिरोध' म्हटले होते, ते प्रत्यक्षात कारखान्याचे वेळापत्रक होते.

पुढच्या आठवड्यात ती विद्यार्थिनी, त्या बाईला विचारून, दुपारी तिच्या घरी गेली. बाईच्या मांडीवर सूप होते, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, आणि बोलतानाही तिची बोटे थांबत नव्हती. पान गुंडाळून, तोंड दुमडून, दोरा बांधून विडी खाली पडे आणि हात पुढच्या पानाकडे जाई. घरची भाषा तेलुगू. बारा वर्षांची मुलगी मराठी शाळेत जाणारी, तीच दुभाषी झाली होती. आई दोनदोन मिनिटे बोले आणि मुलगी मराठीत सांगे, "आईला बरं वाटत नाही म्हणते." कर्जाविषयीचे आणि वडिलांविषयीचे सगळे ती गाळत होती, कारण आपल्या घरातल्या गोष्टी बाहेरच्या माणसासमोर उघड्या करणे हे मुलीच्या भूमिकेत बसत नाही. एका बाजूला दुभाषी म्हणून सगळे सांगणे आणि दुसऱ्या बाजूला मुलगी म्हणून घराची अब्रू राखणे, या ओढाताणीला आपल्या पुस्तकात 'भूमिका संघर्ष' म्हणतात. परीक्षेत दोन गुणांसाठी विचारली जाणारी ही संज्ञा त्या दुपारी तिच्यासमोर जमिनीवर बसली होती. त्यानंतर केंद्राने त्या बाईला दुपारी चारनंतरची वेळ आणि तेलुगू येणारी प्रौढ स्त्री दुभाषी म्हणून दिली, तेव्हा 'त्रोटक उत्तरे' राहिली नाहीत.

सी. राईट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1959 साली वैयक्तिक अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांत जो फरक केला, तो समुपदेशकाने अभ्यासक्रमातल्या इतर कशाहीपेक्षा अधिक जपावा असे मला वाटते. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, त्याची कौशल्ये आणि त्याच्यापुढच्या संधी पाहाव्यात. परंतु पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाच्या स्वभावात उत्तर शोधणे व्यर्थ आहे, असे त्याचे उदाहरण आहे. सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर हे शहर उठत आणि जेवत असे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा पगार तर गेलाच, पण 'गिरणीतला माणूस' म्हणून घरात आणि गल्लीत असलेला दर्जाही गेला. अशा घरातला मुलगा आज वडिलांच्या चिडचिडीविषयी बोलू लागला, तर ती चिडचिड त्या माणसाची आहेच, पण तिला शहराचा इतिहासही आहे, आणि तो माहीत नसलेला समुपदेशक फक्त राग आवरण्याच्या युक्त्या शिकवून मोकळा होतो.

कुटुंबाच्या प्रकरणात विद्यार्थी संयुक्त आणि विभक्त अशी दोन खाती करतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यांपैकी एकात टाकतात. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 साली संयुक्त कुटुंबाची व्याख्या करताना एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि आपसातले नाते अशी लक्षणे दिली. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा या लहान शहराच्या अभ्यासातून दाखवले, की वेगळे राहणारी घरेही मालमत्तेने, मदतीने आणि कर्तव्यांनी एकमेकांशी बांधलेली असू शकतात. म्हणजे चूल वेगळी झाली तरी कुटुंब वेगळे झाले असे होत नाही. म्हणून 'तुमचे कुटुंब कोणत्या प्रकारचे?' असे विचारू नये. चुली किती, रेशनकार्डे किती, कमाई कुणाच्या हातात जाते, दवाखान्याचा खर्च कोण करते, हे विचारावे. वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडलेली सून 'विभक्त' दिसते, पण नोकरी करायची की नाही हे खालच्या मजल्यावर ठरत असते.

याच ठिकाणी एका शब्दापासून सावध राहायला मी माझ्या विद्यार्थ्यांना वारंवार सांगते. तो शब्द म्हणजे 'समायोजन', घरगुती भाषेत 'जुळवून घे'. प्रकार्यवादी विचार कुटुंबाने समाजासाठी काय साधले हे पाहतो. संघर्षवादी आणि स्त्रीवादी विचार विचारतो की ते कुणाच्या कष्टांवर साधले. हे दोन्ही दृष्टिकोन न शिकलेला समुपदेशक नकळत पहिलाच धरून बसतो आणि मार खाणाऱ्या बाईला जुळवून घेण्याचा सल्ला देतो. तो स्वतःला तटस्थ समजतो, पण त्याने बाजू घेतलेली असते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा 2005 चा कायदा अशा वेळी माहीत असावाच लागतो. मात्र आधी ती हिंसा हिंसा म्हणून दिसावी लागते, आणि ती दिसायला समाजशास्त्र लागते.

विचलन आणि शिक्केबाजी हा भाग तर आमच्या शहरात राहून कोरडेपणाने शिकवताच येत नाही. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. त्या कायद्याच्या पुढच्या सुधारित रूपाखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली, जिथे माणसांना हजेरी द्यावी लागे. 1952 साली तो कायदा रद्द झाला, परंतु 'सेटलमेंट' हे नाव पत्त्यात राहिले. तिथला एखादा तरुण नोकरीच्या मुलाखतीत राहण्याचे ठिकाण वेगळे सांगत असेल, तर त्याला 'खोटे बोलण्याची सवय' असे लिहिण्यापूर्वी समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी 1963 साली कलंकाविषयी जे मांडले ते आठवावे. कलंक माणसाच्या अंगात नसतो, तो पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या संबंधात असतो. आणि ज्याचा कलंक अजून उघड झालेला नाही, त्याला कुणाला काय सांगायचे आणि काय लपवायचे याचा हिशेब सतत करावा लागतो. त्या हिशेबाचा थकवा घेऊन तो तुमच्यासमोर बसलेला असतो.

आता याच्या उलट बाजूचा धोका, कारण तो मी चांगल्या विद्यार्थ्यांत अधिक पाहिला आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखीम यांनी 1897 साली आत्महत्येच्या अभ्यासातून दाखवले की माणूस समाजाशी किती जोडलेला आहे आणि त्याच्यावर समाजाचे नियमन किती आहे, यानुसार निरनिराळ्या समाजांतील आत्महत्यांचे प्रमाण बदलते. हे विधान प्रमाणाविषयी आहे. समोर बसलेली एक व्यक्ती काय करेल हे त्यावरून ठरत नाही. विवाहित आहे, मुलेबाळे आहेत, माणसांत आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढून कुणाला परत पाठवणे ही जिवावर बेतणारी चूक ठरू शकते. तसेच आडनाव ऐकून 'त्यांच्यात असेच असते' असे मनात म्हणणे हे समाजशास्त्र नव्हे. ती पुस्तकी भाषेतली जुनी जातपात आहे. समूहाच्या ज्ञानातून प्रश्न तयार करावेत, उत्तर मात्र त्या माणसाच्या तोंडूनच घ्यावे.

व्याख्या पाठ कराव्याच लागतील, परीक्षा आहे. पण त्याबरोबर एक वही ठेवा आणि प्रत्येक संज्ञेसमोर स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहा. बाजारातल्या एकाच दुकानात गिऱ्हाईक बदलले की दुकानदार मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू यांत कशी भाषा बदलतो, आणि कुणाशी 'अहो' व कुणाशी 'ए' म्हणतो, हे अर्धा तास उभे राहून ऐकलेत तर दर्जा हे प्रकरण निम्मे समजेल. क्षेत्रकार्याला जाण्यापूर्वी पहिले पान मात्र स्वतःच्या घराचे लिहा: चुली किती, पैसा कुणाच्या हाती, कुणाची वेळ कोण ठरवते, आणि बाहेरच्या माणसाला घरातले काय सांगायचे नाही असे तुम्हाला लहानपणी शिकवले गेले. ते पान कुणाला दाखवू नका. तुमच्या पहिल्या अशिलाला हेच प्रश्न विचारायला जाल, त्याच्या आदल्या संध्याकाळी ते एकदा वाचा.