आधी पत्रपेटीवर तुमचं आडनाव लावा, मग निवांत फिरा

नवऱ्याच्या नोकरीमुळे बर्लिनला आलेय, दुपारी वेळ कसा घालवू आणि बँकेने पाठवलेला पिन का पोहोचत नाही, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचं 2022 साल डोळ्यांसमोर आलं. आमचंही अगदी तसंच: नवऱ्याच्या नोकरीमुळे बर्लिन, तिथल्या प्रेन्झलाउअर बर्ग भागात घर, दुपारभर मोकळा वेळ, आणि 'बँक म्हणते पिन पाठवलाय, मला मिळालाच नाही'. वेळ कसा घालवू, हे तुम्ही आधी विचारलंय. पण मी पत्राचंच आधी सांगते, कारण तिथे आम्ही फार पोळलोय.

पत्त्याची नोंदणी केलीच असेल, त्यात शिरत नाही. आत्ता खाली जा आणि पत्रपेटी बघा. तिच्यावर तुमचं स्वतःचं आडनाव आहे का? पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे असं लिहिलंयत, माझंही तसंच. आमच्या पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव होतं. तिथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतोच. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि पेटीवरचं नाव, बस. नाव जुळलं नाही की पत्र परत. यात पोस्टमनची काहीच चूक नाही.

माझा राहण्याचा परवाना वाढवायचा होता. संबंधित कार्यालयाने आणखी कागद मागणारं पत्र मुदत घालून पाठवलं, ते परत गेलं. मी दर पंधरा दिवसांनी ईमेल करत होते आणि उत्तर एकच, 'आपल्याला लेखी कळवले आहे.' काय कळवलंय ते सांगायला कुणी तयार नाही. प्रत्यक्ष गेले तर अपॉइंटमेंटशिवाय आत सोडेनात. उलगडा झाला तोवर मुदत कधीच उलटली होती. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. मधल्या काळात देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नव्हती, म्हणून भाचीच्या लग्नाला नाशिकला जाता आलं नाही. ताईची एकुलती एक मुलगी. मांडवात मावशी नव्हती. पत्र परत आल्याचं त्यांच्या फाइलमध्ये होतं ना, मग एका ओळीच्या ईमेलने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आजही आठवलं की जीव जळतो.

पितळी पाटी मिळायला घरमालकाकडून वेळ लागतो, तोवर थांबू नका. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या पेनाने दोन्ही आडनावं ठळक लिहून लावली, पेटीवर आणि बेलवरही. चौथ्या दिवशी पहिलं पत्र आलं. आणि पिवळ्या पाकिटातून सरकारी पत्र आलं तर पाकीट टाकू नका. पोस्टमन त्यावर तारीख लिहितो आणि मुदत त्या दिवसापासून मोजतात. मी वकील नाही, हा आमचा अनुभव. परवान्याचे नियम बदलतात, ते तपासूनच घ्या.

आता दुपारचं. माझं स्पष्ट मत, रोज उठून म्युझियमं पालथी घालू नका. प्रेन्झलाउअर बर्गमधल्या कोल्विट्झप्लात्झ या चौकातल्या बाजाराला जा, गुरुवारी आणि शनिवारी भरतो. पिशवी घरून न्या. नवलकोल छान कोवळा मिळतो, पाल्यासकट मागा, पाल्याची भाजी आपल्यासारखीच होते. पांढरा अ‍ॅस्परॅगस दिसला की घ्या, 24 जूनला त्याचा हंगाम संपतो. मग चौकातल्या बागेत चित्रकार-शिल्पकार केटे कोल्विट्झच्या पुतळ्यापाशी बाकावर बसा. मुलं त्या पुतळ्याच्या मांडीवर चढून खेळतात, कुणी रागवत नाही. मी तिथे तास तास स्वेटर विणत बसायचे.

रविवारी दुकानं बंद असतात, दूध शनिवारीच आणा. रिकाम्या काचेच्या बाटल्या रविवारी काचेसाठीच्या कचराकुंडीत टाकू नका, आवाजावरून शेजारी बोलतात.

आणि शेजाऱ्यांचं पार्सल ठेवून घ्यायला कधी नाही म्हणू नका. पार्सलवाला बेलवरची नावं बघून, जो घरी असेल त्याच्याकडे देतो. दुपारी घरी मीच असायचे. तळमजल्यावरच्या आजी त्यांचं पार्सल न्यायला आल्या, चहाला थांबल्या आणि मग दर बुधवारी येऊ लागल्या. माझं बरंचसं जर्मन त्यांच्याकडूनच आलंय.