वाचकांचे प्रश्न : ट्राइकला टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

प्रश्न : दोन जुन्या होंडा ट्राइक (मातीत-वाळूत चालवायच्या तीनचाकी गाड्या) पाहून ठेवल्या आहेत. १९८५ची एटीसी २५०आर टू-स्ट्रोक आहे, १९८४ची एटीसी २००एक्स फोर-स्ट्रोक. हिवाळ्यात कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर आणि एरवी डोंगरातल्या कच्च्या वाटांवर फिरायचं आहे. मोटरसायकल चांगली येते, पण ट्राइकवर कधी बसलेलो नाही. कोणती घेऊ?
— एक वाचक, सॅन डिएगो

उत्तर : २००एक्स घ्या. किंमत किंवा ताकद बाजूला ठेवली तरी आमचं उत्तर हेच राहील, कारण ट्राइक वळवण्याचं अर्धं काम इंजिन करतं.

ट्राइकची मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असतात, मध्ये डिफरन्शियल नसतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण दोन्ही चाकं फिरतात एकाच वेगानं. त्यामुळे एक चाक घसरल्याशिवाय ट्राइक वळतच नाही, नाकासमोर जात राहते. म्हणून शरीर वळणाच्या आत झुकवायचं, भार मात्र बाहेरच्या फूटपेगवर द्यायचा. आतलं चाक हलकं होऊन घसरतं. तेवढा वेळ ॲक्सिलरेटर एकसारखा धरून ठेवायचा. मोटरसायकलवाल्याची सवय नेमकी उलट असते. तो बिचकला की ॲक्सिलरेटर सोडतो आणि पाय टेकवायला जातो. ट्राइकवर टेकवलेला पाय मागच्या चाकाखाली येतो. पहिले काही दिवस फक्त मोकळ्या, सपाट जागेत इंग्रजी आठच्या आकड्यात फिरा आणि पाय पेगवरून न हलवण्याची सवय लावा.

आता इंजिनांकडे येऊ. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एक. २५०आरचं २४६ सीसीचं, पाण्यानं थंड होणारं इंजिन खालच्या आरपीएमला शांत असतं. एक्झॉस्टच्या फुगीर चेंबरचा परिणाम सुरू होणाऱ्या आरपीएमला पोहोचलं की ताकद एकदम येते. सरळ वाळूत ते हवंच असतं. पण चढावर बसल्या बसल्या तसा झटका आला तर पुढचं एकटं चाक उचलतं आणि गाडी मागे उलटू शकते. वळणात तोच झटका आला तर दोन्ही मागची चाकं एकदम घसरतात. २००एक्सचं १९२ सीसीचं इंजिन खालपासून सारखं ओढतं. मनगट थोडं पिळलं तर ताकद थोडीच वाढते, आणि नवशिक्याला नेमकं तेवढंच हवं असतं. डोंगरातल्या दगडी वाटेवर, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू जाताना तर ती २५०आरपेक्षा सरस आहे. २५०आरवर सतत क्लच घसरवत बसावं लागतं.

ग्लॅमिसच्या मोठ्या चढांवर, विशेषतः मागे पॅडल टायर (वाळू उपसणाऱ्या पट्ट्यांचे) लावले असतील तर, २००एक्स कमी पडेल, हे मान्य करूनच घ्या. मोठ्या चढांचीच ओढ असेल तर एक हंगाम २००एक्सवर काढून मग २५०आर बघा. मधला पर्याय एटीसी ३५०एक्सचा. फोर-स्ट्रोक, चार व्हॉल्व्ह, ताकद भरपूर आणि एकसारखी. ती १९८५ आणि १९८६ अशी दोनच वर्षं निघाली.

यांतली कोणतीच गाडी नवी मिळणार नाही. ३० डिसेंबर १९८७ रोजी होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलॅरिस यांचा अमेरिकी सरकारशी समझोता झाला आणि नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. म्हणून टू की फोर याइतकाच समोरचं इंजिन कोणत्या अवस्थेत आहे हा प्रश्न महत्त्वाचा.

प्रश्न : जुनी टू-स्ट्रोक ट्राइक विकत घेण्याआधी इंजिन न उघडता काय तपासता येईल? फोर-स्ट्रोक असेल तर?
— एक वाचिका, फिनिक्स

उत्तर : टू-स्ट्रोकमध्ये बहुतेक जण फक्त कॉम्प्रेशन मोजतात. त्यातून पिस्टन-रिंगची झीज कळते, पण इंजिन मारणारं कारण बहुधा वेगळंच असतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत क्रँकची ऑइल सील वाळून कडक होतात, कार्ब्युरेटरचं रबर तडकतं. तिथून जादा हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं), पिस्टन तापून सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. मालक नवा पिस्टन टाकतो, सील तशीच राहतात, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. त्यामुळे विकणारा ‘नुकतंच बोअर करून नवा पिस्टन टाकलाय’ म्हणाला तर खूश होण्याआधी हवेची चाचणी मागा.

एक्झॉस्टचं तोंड फुगणाऱ्या रबरी बुचानं बंद करा. कार्ब्युरेटर काढून त्याच्या रबरात हवा भरायचा व्हॉल्व्ह असलेलं बूच बसवा. हातपंपानं ६ पीएसआय हवा भरा आणि ६ मिनिटं थांबा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतार नको. १० पीएसआयच्या वर कधीही जाऊ नका, चांगली सीलसुद्धा बाहेर येतात. दाब उतरत असेल तर सिलिंडरच्या बुडाशी, रीड ब्लॉकभोवती, क्रँककेसच्या जोडावर आणि मॅग्नेटोच्या बाजूच्या सीलवर साबणाचं पाणी मारा. क्लचच्या बाजूचं सील दिसत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सचं ऑइल भरण्याचं झाकण उघडून तिथून हवा येते का पाहा. हे सील गेलं की इंजिन गिअर ऑइल पितं. धूर पांढरट आणि दाट येतो, गिअरबॉक्समधली पातळी गुपचूप उतरते. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेडचं सील गेलं. एक्झॉस्ट काढलेलाच असेल, तर टॉर्च मारून पिस्टनवर उभे ओरखडे आहेत का तेही बघून घ्या.

फोर-स्ट्रोकमध्ये धुराचा रंग आणि वेळ पाहा. रात्रभर उभी गाडी सुरू करताना निळा धूर येऊन गेला तर व्हॉल्व्हची सील, जोर दिल्यावर सतत येत राहिला तर रिंग. इंजिनाच्या हेडमधून टकटक येत असेल तर इंजिन थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) तपासा. मॅग्नेटोवरची ‘टी’ खूण जुळवा, आणि दोन्ही रॉकर ढिले आहेत याची खात्री करा, नाहीतर एक्झॉस्ट संपतानाच्या टोकावर मोजमाप होईल. मोकळीक साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असते, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. सेटिंगनंतरही टकटक राहिली तर कव्हर उघडून कॅमशाफ्ट बघाच. ऑइल कमी असताना पळवलेल्या गाडीत कॅम ज्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये फिरतो तिथे चरे पडतात, आणि मग हेडच बदलावं लागतं. ते टू-स्ट्रोकच्या पिस्टन-रिंगपेक्षा कितीतरी महागात जातं. कॉम्प्रेशन मोजायचं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरा. किकला डीकॉम्प्रेसर (किक हलकी जावी म्हणून दाब थोडा सोडणारी रचना) जोडलेला असेल तर आकडा कमी येतो, त्यावरून घाबरू नका.

प्रश्न : आमच्या बजाज चेतकला लिटरमागे २० मिली टूटी ऑइल पुरायचं. मुलानं अमेरिकेत एटीसी २५०आर घेतली आहे आणि तो खूपच जास्त ऑइल घालतो. प्लग खराब होणार नाही का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुलाचं बरोबर असावं. चेतकचं दोन टक्के प्रमाण कमी आरपीएमच्या स्कूटरसाठी होतं. २५०आरसाठी होंडानं २०:१ सांगितलं होतं, म्हणजे लिटरला ५० मिली. आजच्या चांगल्या सिंथेटिक ऑइलवर पुष्कळ जण ३२:१ वापरतात, म्हणजे लिटरला ३१ मिली, अमेरिकन गॅलनला सुमारे ११८ मिली. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल मात्र घालू नये, ते थंड चालणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेलं असतं.

प्लग काळा पडतो तो बहुतेकदा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मोजकं छिद्र) चुकीचा असल्यानं. आणि प्रमाण बदललं की जेट पुन्हा तपासावा लागतो, हे फार जण विसरतात. ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं आणि मिश्रण पातळ होतं. डोंगरात नीट चालणारी गाडी खाली ग्लॅमिसला, हिवाळ्याच्या थंड सकाळी, घट्ट हवेत आणि वाळूच्या ओझ्याखाली पूर्ण ॲक्सिलरेटरवर नेली तर सीझ होऊ शकते. तिथे मेन जेट एक माप मोठाच हवा.

प्रश्न : लांब उतारावर टू-स्ट्रोक सीझ होते म्हणतात. खरं आहे का? — एक वाचक, सॅक्रामेंटो

उत्तर : खरं आहे. प्रीमिक्स गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. ॲक्सिलरेटर बंद आणि चाकं इंजिनाला जोरात फिरवत आहेत, अशा वेळी पिस्टनला ऑइल जवळजवळ मिळत नाही. दर काही सेकंदांनी क्लच दाबून ॲक्सिलरेटर हलकेच पिळा. शिवाय टू-स्ट्रोक इंजिन उताराला फारसं रोखत नाही, सगळं काम ब्रेकवर येतं. उतरायला लागण्याआधी मागचा ब्रेक तपासा, बसण्याचा भार मागे ठेवा. फोर-स्ट्रोक खालच्या गिअरमध्ये स्वतःच गाडी धरून ठेवते, आणि तिचं ऑइल पंपातून येत असल्यानं ही भीती नाही.

प्रश्न : १३ वर्षांच्या मुलाला २००एक्स देऊ का? — एक वाचिका, सॅन होजे

उत्तर : नको. मोठ्यांसाठी बनवलेली एटीव्ही (अशा कच्च्या वाटांवरच्या तीन-चारचाकी गाड्या) १६ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा सल्ला असतो. शिवाय पेगवर भार टाकून ट्राइक वळवण्याइतकं वजन त्या वयात बहुतेकांचं नसतं.

प्रश्न : १९८५च्या टू-स्ट्रोकला कॅलिफोर्नियात रेड स्टिकर मिळेल ना? — एक वाचक, फ्रेस्नो

उत्तर : नाही, ग्रीन. रेड स्टिकरचा नियम, म्हणजे ठराविक महिन्यांतच गाडी चालवायची परवानगी, प्रदूषणाच्या मर्यादेत न बसणाऱ्या २००३ आणि नंतरच्या मॉडेलना होता; ग्रीनवाली गाडी वर्षभर चालते. आवाजाची मर्यादा १ जानेवारी १९८६पूर्वी बनलेल्या गाडीला १०१ डेसिबल, नंतरच्या गाडीला ९६. सायलेन्सरमधलं पॅकिंग जळून गेलेलं असेल तर जुनी २५०आर त्यातही नापास होऊ शकते, ते आधी बदला. स्पार्क अरेस्टरही लावलेला हवा.