‘रामबाण’ लिहिण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मेथीदाण्यांवरचा तुझा लेख वाचला. मेहनत दिसते, भाषाही ओघवती आहे. मथळा मात्र मी अडवून ठेवलाय: ‘मधुमेहावर रामबाण मेथी’. आरोग्याच्या पानावर तू नवी आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रामाचा बाण वाया जात नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे आजारी माणूस हा शब्द हमी म्हणून वाचतो. वाहतूक कोंडीवर ‘रामबाण उपाय’ म्हटलंस तर फार बिघडत नाही. कोंडी सुटली नाही तर लोक पालिकेच्या नावाने बोटं मोडतील. पण साखरेचा त्रास असलेला माणूस तोच शब्द वाचून गोळी बंद करतो. साखर वाढली तरी बरेच दिवस दुखतखुपत काही नाही, म्हणजे मेथीने गुण आला असंच त्याला वाटतं. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्शुलिन थांबवलं तर मात्र काही दिवसांतच जिवावर बेततं.

‘अक्सीर’ आणि ‘हमखास’ याच माळेतले. ‘अक्सीर’ अरबीतून आला. किमयागार ज्या पदार्थाने हलक्या धातूचं सोनं करू पाहत, तो अल-इक्सीर. ‘जालीम’चा मूळ अर्थ क्रूर. मला त्यातल्या त्यात तो प्रामाणिक वाटतो, कारण औषध अंगावरही येऊ शकतं हे त्यात कुठेतरी सुचवलेलं आहे.

उद्या लोकलने येताना दाराजवळ चिकटवलेले कागद नीट वाच. मूळव्याध, मुतखडा, सांधेदुखी, दारूचं व्यसन, मूल न होणं, सगळं एकाच मोबाइल नंबरखाली. ‘गॅरंटी’ ठळक अक्षरांत. औषधात काय आहे, किती घ्यायचं, किती दिवस, कुणी घेऊ नये, यातलं अक्षर नाही. अशा जाहिरातींसाठी १९५४ पासून कायदा आहे, औषधे आणि चमत्कारी उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्यांच्या यादीत मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा आहेत, उंचीसुद्धा आहे. तुझा लेख जाहिरात नाही हे खरं, पण घाबरलेल्या वाचकाला हा फरक कुठून कळणार?

आता ‘संजीवनी’. या शब्दाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण एका औषधाने तो खरोखर कमावलाय: जलसंजीवनी. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी तोंडाने पाजायला लावलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषलं जातं आणि त्यांच्यामागोमाग पाणी. एवढंच त्यामागचं शास्त्र. पण जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत! शरीरातलं गेलेलं पाणी आणि क्षार भरून निघतात, म्हणून माणूस वाचतो. हे लिहिलं नाहीस तर जुलाब चालूच आहेत असं पाहून आई दुसऱ्या वाटीनंतर पाजायचं सोडून देईल. मापही लिहायचंच: १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर तान्ह्या बाळाला ते धोक्याचं.

आपल्या मुंबईतलंच आणखी एक उदाहरण. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना दिली. लस घेतलेल्यांतही काहींना प्लेग झाला. न घेतलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी जणांना. शहरात हाहाकार उडाला असताना दोन गटांची तुलना मांडली गेली, आणि लोकांना खरा आधार मिळाला तो त्या तुलनेचा. तुझ्याकडून मला असंच वाक्य हवंय: कुणाला, किती आणि कशाच्या तुलनेत.

तेव्हा मेथीचा लेख पुन्हा लिही. त्यातल्या तंतुमय भागामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, हे तू छान समजावलं आहेस, ते तसंच राहू दे. ज्या अभ्यासांचा आधार घेतलास त्यांत दाणे किती ग्रॅम दिले, माणसं किती होती आणि त्यांची औषधं चालू होती का, हे शोधून घाल. चालू गोळ्यांसोबत मेथी जास्त खाल्ली तर साखर नको तितकी उतरू शकते, हे मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून पक्कं कर. ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका’ ही ओळ तू अगदी तळाला टाकली आहेस, ती दुसऱ्या परिच्छेदात आण. गुरुवारी दुपारपर्यंत पाठव, मथळा आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
ताई