कूलर दालनाबाहेर ठेव

प्रिय,

विद्यापीठाच्या दालनात समकालीन चित्रांचं प्रदर्शन लावायचं काम तुझ्याकडे आलंय. मार्चअखेरीला उद्घाटन आणि मग भर उन्हाळ्यात महिनाभर चित्रं भिंतीवर, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. अनुदान काही पावसाची वाट बघत नाही!

म्हणून पहिलं सांगणं कूलरचं. छत्रपती संभाजीनगरात एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडीठाक असते. पाहुण्यांसाठी दालनात कूलर लावला की तासा-दोन तासांत आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवरून साठच्या पुढे जाते, रात्री बंद केला की परत खाली. कागद ओल धरून फुगतो, सुकला की आकसतो. चारही बाजूंनी चिकटवलेला असेल तर त्याला लाटा येतात. म्हणून माउंटला, म्हणजे मागच्या पुठ्ठ्याला, तो वरच्या कडेला दोन बिजागऱ्यांवरच लटकव, पट्ट्या जपानी कागदाच्या आणि खळ गव्हाच्या स्टार्चची. तैलचित्रात कापड, चौकट आणि रंगाचा थर एकाच प्रमाणात हलत नाहीत. जुना रंग ताठ असतो, तो तडकतो. हवा कोरडी पण स्थिर असलेली परवडते, वर-खाली होणारी नाही. कूलर व्हरांड्यात लाव, भाषणंही तिथेच होऊ देत. एसी असेल तर तो रात्रीही चालू राहील का, हे आधी विचार.

नांदेड-लातूरहून चित्रं टेम्पोने येतील. उन्हात बंद टेम्पो तापला की ॲक्रिलिक मऊ पडतं आणि त्याला थेट लागलेल्या बबल रॅपचे गोल ठसे उमटतात. आधी सिलिकॉनचा थर असलेला रिलीज पेपर, त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. गाडी रात्री काढायला सांग. आलेली पेटी एक दिवस दालनातच बंद राहू दे. उघडल्यावर चार कोपरे, पुढची बाजू आणि पाठ यांचे फोटो आधी काढ. ओरखडा कुठे पडला यावरून पुढे वाद होतात.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून १४८ सेंमीवर घे. चित्राची निम्मी उंची त्यात मिळव, तार मधोमध वर ताणून ती फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली राहते तितकं वजा कर. चित्र ९० सेंमी उंच आणि तार ८ सेंमी खाली असेल तर हूक १८५ सेंमीवर. मोठ्या चित्राला दोन हूक दे, एकावर ते तिरकं होतंच. जुनी दगडी भिंत असेल तर ड्रिल लावूच नको, वरून रेल टाकून घे.

जलरंग, फोटो, हिमरू-पैठणीचं कापड वापरलेली कामं यांवर ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप); तैल आणि ॲक्रिलिकला २०० पर्यंत चालतं. रोज आठ तास, तीस दिवस धरले तर ५० चे १२,००० लक्स-तास होतात, २०० चे ४८,०००. उडालेला रंग परत येत नाही. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई होतो, तेव्हा मंद बल्ब शोधत बसण्याआधी दिवा मागे सरकवून बघ. पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदा हवाच.

व्हिडिओचं काम असेल तर प्रोजेक्टरचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, बघ: १.५ असेल तर ३ मीटर रुंद चित्रासाठी साडेचार मीटर जागा लागते. यूपीएस लाव आणि फिल्टर दर आठवड्याला झाड, आपल्या धुळीत तो लगेच तुंबतो.

लेबलवर मराठी आधी, मापात उंची आधी, मग रुंदी. ती छापायला टाकण्यापूर्वी प्रत्येक कलाकाराला त्याची ओळ वाचून दाखव.