अमळनेरहून सीओईपी किंवा व्हीजेटीआयला कम्प्युटर मिळू शकतं का?

तू विचारलंयस की दहावीला ९३ टक्के, आता बारावी अमळनेरलाच, ओबीसी, सीईटीच्या (प्रवेश परीक्षेच्या) मॉकला २०० पैकी १२०-१२८ पडतात, तर पुण्याच्या सीओईपी नाहीतर मुंबईच्या व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेजला कम्प्युटर ब्रँच मिळेल का. आजच्या मार्कांवर नाही मिळणार. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दहावीचे ९३ बाजूला ठेव, दोघांचं मेरिट सेम झालं तरच कोणी तिकडे बघतं. पर्सेंटाइलचं मात्र नीट समजून घे, कारण घरी सगळे त्याला टक्केच समजतात. पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली किती पोरं तुझ्या मागे आहेत तो आकडा. माझी आजी विचारायची, "कितला पडनात रे?" मी ९७ म्हणालो तर तिने गल्लीभर सांगून टाकलं. आता पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) चार लाखांवर पोरं बसतात, म्हणजे ९७ वाल्याच्या पुढे बारा हजार जण उभे असतात! सीओईपी कम्प्युटर ओपनला ९९.८ च्या आसपास बंद होतं, ओबीसी त्याच्या थोडंसंच खाली. तिथलं सिव्हिल, मेटलर्जी बरंच खाली येतं, तिथे तुझा चान्स जास्त खरा आहे.

मार्क वाढवायचे तर मॅथ्समध्ये. ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, ९० मिनिटं, म्हणजे अर्धा पेपर तिथेच. आपल्याकडे पोरं बायो सोडून मॅथ्स घेतात आणि मग सगळा वेळ केमिस्ट्री पाठ करण्यात घालवतात, मला हे कधीच कळलं नाही. मी स्वतः इंटिग्रेशनच्या एका प्रश्नावर आठ मिनिटं अडून बसलो आणि शेवटचे सात प्रश्न कोरे सोडून आलो, निगेटिव्ह मार्किंग नाही हे पक्कं माहीत असून. नुसतं क्लिक केलं असतं तरी एक-दोन लागले असते.

अजून एक, जे आपल्याकडे फॉर्म भरेपर्यंत कोणी सांगत नाही. सीओईपी, व्हीजेटीआयच्या सीट्स राज्य पातळीवर भरतात, तिथे पारोळा काय नि पुणे काय सारखंच. पण पुण्याच्या पीआयसीटीसारख्या कॉलेजात होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे तिथल्याच युनिव्हर्सिटीच्या भागातल्या पोरांच्या, सीट्स वेगळ्या असतात, आणि आपली युनिव्हर्सिटी जळगावची, त्यामुळे जळगाव-धुळे-नंदुरबारवाले तिथे बाहेरचे. म्हणून कटऑफ बघताना बाहेरच्यांची ओळ बघ, पहिली दिसेल ती नको. उलट आपल्याच भागातलं शिरपूरचं आर. सी. पटेल कॉलेज ऑप्शनच्या लिस्टमध्ये खाली असू दे, त्यात कमीपणा काही नाही.

आता कागदपत्रं, मी इथेच पडलो. माझं नॉनक्रिमीलेअर (ओबीसी सीटसाठी लागणारा, उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) त्याच वर्षी ३१ मार्चला संपलेलं, आणि ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं हे मला व्हेरिफिकेशनच्या टेबलावर कळलं. वडील कापसाची निंदणी सोडून माझ्यासोबत तीन दिवस दाखल्यासाठी फिरले, एका ठिकाणी सर्व्हर डाऊन, दुसऱ्या ठिकाणी साहेब मीटिंगला, आणि मुदत संपली तेव्हा मी ओपनमध्ये गेलेलो. हातात आलेली ब्रँच गेली, मेकॅनिकल घेतलं. कास्ट व्हॅलिडिटीचंही (जातीचा दाखला तपासून मिळणारं प्रमाणपत्र) आत्ताच बघ, तिला महिने लागतात.

तू मुलगी आहेस म्हणून अजून दोन गोष्टी. मुलींसाठी ३० टक्के सीट्स राखीव असतात, त्यांचा कटऑफ कधीकधी थोडा खाली येतो, पण कम्प्युटरला फार फरक धरू नकोस. आणि ८ जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि कॅपमधून (सरकारच्या प्रवेश फेऱ्यांतून) अ‍ॅडमिशन घेतलीस तर ओबीसी मुलींना ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. होस्टेल-मेसचं ओझं राहतंच, घरी बोलताना तो आकडाही सांग.

ऑप्शन फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्याला "तूच टाक" म्हणू नकोस. २०२५ पासून पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीझ होते (म्हणजे तीच पक्की, पुढच्या राउंडला बदलता येत नाही), दुसऱ्याला पहिल्या तीनांतला, तिसऱ्याला पहिल्या सहांतला. नको असलेलं कॉलेज भीतीपोटी वर टाकलं की तिथेच अडकलीस.

आधी घरच्या कपाटातून नॉनक्रिमीलेअर काढून तारीख बघ. आणि मॉकला मॅथ्सचे ५० पैकी किती बरोबर येतात ते खाली लिही, मग सांगतो कुठे वेळ जातोय ते.